आधी कार्ड की आधी डोळे

गेल्या भाऊबीजेला दुपारी, दौंडमधल्या आमच्या घरात, माझ्या वडिलांनी लाल सिग्नल ओलांडला. गाडी कम्प्युटरवरची होती. मालगाडीचे काही डबे सिग्नलच्या खांबापुढे गेले, चित्र थांबलं आणि फेरी बाद झाल्याची पाटी आली. खोलीत तिघे होतो: वडील, शिरूरहून आलेली माझी धाकटी बहीण आणि मी.

वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. सुरुवात मालगाड्यांवर झाली, शेवटची काही वर्षं प्रवासी गाड्या चालवल्या. आजोबांनी मेंढरं विकून वडगाव रासाईला शेती धरली आणि वडील दौंडला रेल्वेत लागले. आमचं घर तेव्हापासून दौंडला आहे. नोकरीच्या सगळ्या काळात त्यांनी खरा लाल सिग्नल एकदाही ओलांडला नाही. रेल्वेत त्या चुकीसाठी ड्रायव्हरची नोकरी जाते.

त्या दुपारपर्यंत घरात एकच प्रश्न चालू होता. कम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड आत्ता बदलायचं की थांबायचं? दुपारनंतर दुसरा प्रश्न आला, वडिलांच्या डोळ्यांचा. तो कार्डापेक्षा घाईचा होता. उसाचा हंगाम तोंडावर आला होता आणि वडील दर दोन-तीन दिवसांनी स्कूटरवरून वडगावला शेतावर जात होते. हंगामात त्या रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

कम्प्युटर माझा आहे. लॉकडाऊनमध्ये वर्तमानपत्राचं काम घरून सुरू झालं, तेव्हा घेतला. बातम्या तपासायला एवढ्या ताकदीचं यंत्र लागत नाही. मोटारींच्या शर्यती खेळता याव्यात म्हणून मी कार्ड असलेलं यंत्र घेतलं. कार्ड तेव्हाही मधल्या दर्जाचं होतं. आई गेल्यानंतर वडील संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसू लागले. शर्यती त्यांना पसंत पडल्या नाहीत. "ह्या मोटारीला ब्रेक हाय का न्हाई?" एवढंच एकदा विचारलं.

मग मी रेल्वेगाडी चालवण्याचा एक खेळ घातला. आपल्याकडचे मार्ग हौशी लोकांनी बनवून त्यात टाकलेले आहेत. दौंडहून निघणारा एक मार्ग त्यात होता. वडिलांनी पहिला आठवडा चुका काढण्यात घालवला. इलेक्ट्रिक इंजिनाला डिझेलचा हॉर्न दिला होता. एका स्टेशनाचा फलाट चुकीच्या बाजूला होता. पाण्याची टाकी पाडून किती वर्षं झाली, ती इथं अजून उभी कशी, असं ते मला विचारत, जणू टाकी मी बांधली होती. दुसऱ्या आठवड्यापासून ते रोज गाडी चालवू लागले.

इथे इंजिनातली एक पद्धत सांगायला हवी. पुढचा सिग्नल दिसला की असिस्टंट त्याचा रंग मोठ्यानं सांगतो आणि ड्रायव्हर तोच रंग मोठ्यानं परत सांगतो. ग्रीन म्हणजे जा. डबल यलो म्हणजे वेग आवर. यलो म्हणजे पुढचा सिग्नल लाल असेल, असं धरून चाल. याला कॉल देणं म्हणतात. दोघांनी आपापल्या डोळ्यांनी बघून सांगायचं, म्हणजे एकाची चूक दुसरा पकडतो. वडिलांनी हे आयुष्यभर केलं. सुरुवातीला खोलीत ते एकटेच खेळत आणि कॉल स्वतःच देत.

गणपतीच्या सुमारास दोन गोष्टी बदलल्या. एक, ते तक्रार करू लागले.

"सिग्नल उशिरा उगवतोय. तुझं मशीन म्हातारं झालं."

मी शेजारी बसून पाहिलं. तक्रार खरी होती. कार्ड जुनं असलं की खेळ लांबच्या वस्तू आधी काढतच नाही. खांब, झाडं, सिग्नल जवळ आल्यावर एकदम प्रकट होतात. चित्र कमी बारकाईचं ठेवलं की कडा दातेरी दिसतात. आमच्याकडे दोन्ही होत होतं. माझ्यापुरती चौकशी तिथे संपली.

दुसरी गोष्ट अशी की ते एकटे खेळेनासे झाले. "ये, असिस्टंट व्हय," म्हणून मला हाक मारत. मी शेजारच्या खुर्चीत बसून सांगायचो, "ग्रीन." ते म्हणायचे, "ग्रीन." मी "डबल यलो" म्हटलं की ते "डबल यलो" म्हणून वेग कमी करत. नियमाप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं. मी कामात असलो तर ते कम्प्युटर चालू करत नसत, पेपर घेऊन ओट्यावर बसत. पेपर नुसता उघडलेला असे.

कार्ड घ्यायचं माझ्या मनात होतंच, पण गणित सुटत नव्हतं. नवं कार्ड बसवायचं तर वीज पुरवणारा डबा बदलावा लागणार होता. कार्ड चांगलं आणि प्रोसेसर जुना, तर कार्ड अर्धं रिकामं बसणार होतं. मेमरीही वाढवावी लागणार होती, आणि मेमरीच्या किमती नेमक्या दिवाळीच्या आगेमागे चढायला लागल्या. मोठ्या डेटा सेंटरांसाठी मेमरी उचलली जातेय, असं कारण छापून येत होतं. पुण्यातला एक दुकानदार म्हणाला, आत्ता घ्या, अजून चढेल. दुसरा म्हणाला, थांबा, कार्डाची नवी मालिका आली की जुनी उतरेल. दोघांचं बोलणं खात्रीचं होतं. मी रोज सकाळी भाव बघत होतो आणि रोज थांबत होतो.

"भाव बघतोस का सोनं घेतोस?" वडील म्हणायचे. "मोसंबीचा भाव बी एवढा कोण बघत न्हाई."

"दोन महिन्यांत उतरतील, आप्पा."

"दोन महिन्यानं मी कुठं असल, तू कुठं असशील."

भाऊबीजेला बहीण एकटीच आली होती. ती रांजणगावच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात आहे. ओवाळणं झालं, जेवण झालं. मी ताटं उचलत होतो तेव्हा वडिलांनी तिला असिस्टंटच्या खुर्चीत बसवलं. कॉल कसा द्यायचा ते तिला लहानपणापासून माहीत आहे; आम्ही दोघं सायकलवरून शाळेत जाताना तोच खेळ खेळत होतो. ती दोन-तीन स्टेशनं नीट कॉल देत होती. मी दारात येऊन उभा राहिलो. पुढे एका स्टेशनाचा सिग्नल लाल होता. तिने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि मोठ्यानं म्हणाली, "ग्रीन."

"ग्रीन," वडील म्हणाले आणि त्यांनी वेग तसाच ठेवला.

ती हसली. तिला वाटलं, ते तिची फिरकी तिच्यावरच उलटवतायत. सिग्नल जवळ आला. दारातून मला तो लाल दिसत होता. गाडी पुढे गेली, पाटी आली. तिचं हसणं थांबलं.

"आप्पा, लाल होता."

"तू ग्रीन म्हणलीस."

"मी गंमत केली. तुम्ही काय बघून ग्रीन म्हणलात?"

"खोटा कॉल देणाऱ्या असिस्टंटला चार्जशीट मिळती, ठाव हाय का?"

"द्या चार्जशीट. दिसला का नव्हता, ते सांगा."

"ह्या मशीनवर कुणाला दिसतंय? दादाला विचार. उशिरा उगवतंय समदं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, उशिरा दिसतं हे खरं आहे. पण लाल दारातून दिसत होता, हेही सांगितलं. मग तिने स्कूटरची चावी मागितली.

"चावीचा काय संबंध?" वडील म्हणाले.

"वडगावच्या रस्त्यावर ट्रॉलीवाले कॉल देत नसतात, आप्पा."

त्यांनी चावी दिली नाही. नवं कार्ड आणा, मग बसतो आणि दाखवतो कुणाचे डोळे गेलेत ते, असं म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले. बहीण संध्याकाळच्या एसटीनं शिरूरला गेली. जाताना मला म्हणाली, "दादा, डॉक्टरकडं ने." मी हो म्हणालो.

ते जाणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. ड्रायव्हर लोकांमध्ये एक रीत आहे: डोळ्यांच्या डॉक्टरकडे आपण होऊन जायचं नाही. नोकरीत ठरावीक काळानं रेल्वेच्या दवाखान्यात डोळे तपासले जातात. त्यात कमी पडलेला ड्रायव्हर इंजिनावरून उतरतो आणि कुठल्यातरी खोलीत टेबलावर बसतो. वडिलांच्या बरोबरीच्या एकाला असं उतरवलं होतं. तो त्यानंतर स्टेशनाच्या बाजूला फिरकला नाही. तपासणी जवळ आली की आमच्या घरात गाजरं यायची, टीव्ही बंद असायचा, आणि वडील रोज सकाळी अनवाणी गवतावर चालायचे. तपासणी झाली की गाजरं बंद. निवृत्तीनंतर तपासणीचा कागद यायचा थांबला. त्यानंतर त्यांनी डोळे एकदाही दाखवले नव्हते.

भाऊबीजेनंतर भाव आणखी चढले. मी थांबण्याच्या बाजूचा होतो, आता थांबण्याला कारणही भक्कम मिळालं. पण घरातली अट वडिलांनी अशी घातली होती की कार्ड आल्याशिवाय डोळ्यांचा विषय काढायचा नाही. म्हणजे कार्ड लांबलं की डोळेही लांबत होते. मधल्या काळात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, रस्त्यावर ट्रॉल्या सुरू झाल्या, आणि वडील स्कूटरवरून शेतावर जाऊन येत होते.

बहिणीचा फोन आला. "घेतलंस का कार्ड?"

"भाव उतरू दे."

"डोळ्यांची परीक्षा घ्यायला कार्ड विकत कशाला घ्यायचं? चांगलं मशीन दुसऱ्या कुणाकडं असेल की."

असं मशीन तिच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. शिरूरच्या बाजारपेठेत एका दुकानावर गेमिंग कॅफे आहे. चालवणारा तिशीचा आहे. त्याच्या घराण्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, अजूनही खाली आहे, त्याचे वडील तिथे बसतात. वरच्या मजल्यावर त्याने ताकदीचे कम्प्युटर मांडलेत. मी त्याच्याशी फोनवर बोललो. आपला खेळ आणि तो मार्ग डिस्कवर घेऊन येतो, अर्धा तास द्या, असं सांगितलं. कारण सांगितलं नाही. कार्ड घ्यायच्या आधी चांगल्या कार्डावर चालवून बघायचंय, एवढंच म्हणालो. त्यालाही ते रास्त वाटलं.

वडिलांनाही रास्त वाटलं. "बघून घेतलेलं बरं," म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला.

रविवारी जेवण करून मोटारीनं निघालो. मी चालवत होतो, ते शेजारी. न्हावऱ्याच्या अलीकडे आमच्यापुढे ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. ऊस टपाच्याही वर रचलेला होता, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, दोन्ही बाजूंनी लोंबत होते. ऊन लख्ख होतं.

"भरलेली हाय का रिकामी?" वडिलांनी विचारलं.

"भरलेली," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले.

कॅफेत दुपारची गर्दी नव्हती. एका कोपऱ्यात दोघं कानांवर हेडफोन घालून खेळत होते. कॅफेच्या चालकाने वडिलांना खुर्ची दिली, तिची उंची कमी-जास्त करून दाखवली.

"मामा, ही खुर्ची विमानातली हाय," तो म्हणाला.

"मला विमान न्हाई चालवायचं."

बहीण आधीच येऊन थांबली होती. खेळ उघडेपर्यंत मी चालकाला विचारलं की कार्ड आत्ता घ्यावं की थांबावं. तो हसला. "रोज कुणी ना कुणी हेच विचारतं. मी एकच विचारतो, खेळायचं कवा हाय? पुढच्या वर्षी खेळायचं असल तर पुढच्या वर्षी घ्या."

चित्र आलं. आमच्या घरच्या चित्राशी त्याची तुलना नव्हती. रुळांवर ऊन पडलेलं दिसत होतं, वरच्या विजेच्या तारा अखंड होत्या, खडी सुटी सुटी दिसत होती. मी शेजारची खुर्ची ओढली. तेव्हा वडील म्हणाले, "कुणी कॉल द्यायचा न्हाई."

मी खुर्ची मागे नेली. बहीण त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभी राहिली.

गाडी निघाली. पहिल्या स्टेशनाचा पहिला सिग्नल मला बराच लांबून दिसला, हिरवा. मी गप्प बसलो. वडील फाटक ओलांडून पुढे गेले तेव्हा म्हणाले, "ग्रीन." तोवर सिग्नल अगदी समोर आला होता. दुसरा डबल यलो होता. तिथे त्यांनी काहीच म्हटलं नाही, फक्त वेग आणखी कमी केला. मालगाडी चालत्या माणसाच्या गतीनं सरकू लागली. कोपऱ्यातल्या एकाने हेडफोन काढून इकडे पाहिलं आणि परत घातला.

पुढचं स्टेशन आलं. सरळ रूळ, डाव्या बाजूला सिग्नल, रंग हिरवा. वडिलांनी ब्रेक लावला. गाडी सिग्नलच्या बरीच अलीकडे उभी राहिली.

"मामा, का थांबवली?" चालक म्हणाला. "मागून दुसरी आली तर?"

"सिग्नल दिसंना."

"उजेड वाढवू का पडद्याचा?"

"वाढवून बघ."

त्याने वाढवला. "आता?"

"आता जास्तीच पसरलं," वडील म्हणाले. "दिव्याला केसं फुटल्यावानी."

बहीण पुढे आली. "आप्पा, ग्रीन आहे तो."

"असल." त्यांनी कळफलकावरचे हात मांडीवर घेतले. "मला न्हाई दिसत. दिसंना तर उभं ऱ्हायचं, लाल धरायचा. रूल हाय."

चालकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने पडद्याचा उजेड पूर्वीइतका केला, खाली हाक मारून चहा सांगितला आणि अर्ध्या तासाचे पैसे घेतले नाहीत.

चहा घेताना वडिलांनी खिशातून जुडगा काढला. घराची चावी, कपाटाची चावी आणि स्कूटरची. स्कूटरची चावी कडीतून सुटायला वेळ लागला. त्यांनी ती नखानं काढायचा प्रयत्न केला, मग बहिणीकडे दिली. तिने काढली आणि बाकीचा जुडगा परत केला.

"दुसरी चावी?" तिने विचारलं.

"दुसरी कुठं हाय?"

"देव्हाऱ्यामागं, रिकाम्या कुंकवाच्या डबीत. आईनं ठेवलेली."

"मग ती तुझ्या दादाकडं माग," वडील म्हणाले. "मला ठावच न्हवती."

डोळ्यांच्या दवाखान्यात ते त्याच आठवड्यात गेले, शिरूरलाच. बहिणीनं रजा टाकली, मीही टाकली. तपासणीच्या खोलीत अक्षरांचा तक्ता दिसताच ते ताठ बसले आणि कुणी विचारायच्या आत वरची ओळ म्हणून दाखवली. दुसरी ओळही म्हणाले. डॉक्टर बाईंनी तक्ता बदलला. मग ते थांबले.

"किती दिवसांपासून कमी दिसतंय, आप्पा?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"दोन-तीन महिनं झालं असतील."

"त्याच्या खूप आधीपासून असणार."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्यातला जास्त वाढलेला. ऑपरेशन केलं की नजर येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग आणखी दोन तपासण्या झाल्या. डाव्या डोळ्यात काचबिंदूही होता. डोळ्यातला दाब वाढून आतली नस दबली होती आणि डाव्या कडेची नजर गेली होती. ती परत येणार नाही, आहे ती राखायची, त्यासाठी रोज थेंब घालायचे. बहिणीनं विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाल्या की काचबिंदूत दुखत नाही, म्हणून बहुतेक लोक उशिराच येतात. वडिलांनी एकच प्रश्न विचारला: स्कूटर. डॉक्टर म्हणाल्या, सध्या नाही. नंतर तपासून सांगते.

परतताना ते मागच्या सीटवर बसले होते. पारगावला म्हणाले, "सर्व्हिसला असतो तर हिथंच उतरवला असता."

"सर्व्हिसला असता तर पाच वर्षं आधी सापडलं असतं," मी म्हणालो.

"ते बी हाय," ते म्हणाले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते आठवडाभर घरात बसले. थेंब मी घालत होतो. वेळ त्यांना माझ्यापेक्षा चांगली लक्षात राहायची. शेतावर चुलतभाऊ बघत होता आणि रोज फोन करत होता. डॉक्टरांनी पडदा बघायची परवानगी दिली त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले, डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि म्हणाले, "लाव."

मी खेळ लावला. ते बराच वेळ नुसते बघत राहिले.

"ही खडी हाय का भिजवलेली मटकी?"

"जुनं कार्ड आहे, आप्पा."

"आन् तारा अशा तुटक? त्या पोराकडं तर मला तारा दिसल्याच न्हाईत." त्यांनी तळहात काढला, परत धरला. "म्हंजी मी म्हणत हुतो ते खरंच हुतं. मशीन बी गेलंय."

मी बहिणीला फोन लावून दिला. तिने ऐकून घेतलं. "दोघंही बरोबर, आप्पा," ती म्हणाली. "मशीनला पण मोतीबिंदू झालाय."

"मग त्याचं बी ऑपरेशन करा."

भाव उतरले नव्हते. मेमरी तर आणखी चढली होती. पण मी आता वेगळ्या पद्धतीनं बघत होतो. वडिलांच्या उजव्या डोळ्याला आज चांगलं दिसत होतं. डावा किती राहील, हे डॉक्टरही सांगत नव्हत्या. दोन महिन्यांनी स्वस्त होईल का, या प्रश्नाचं उत्तर दुकानदारांकडे नव्हतं. खेळायचं कवा, या प्रश्नाचं आमच्याकडे होतं. मी कॅफेच्या चालकाला फोन केला. तो एका कम्प्युटरचं कार्ड बदलणार होता. जुनं निघेल ते तुम्हाला देतो, म्हणाला, वर्षभर वापरलेलं आहे, आमच्या इथं रोज दहा तास चाललंय हे आधीच सांगतो. वीज पुरवणारा डबा मात्र नवा घ्यावा लागेल.

उजव्या डोळ्याच्या फेरतपासणीला शिरूरला जायचंच होतं. कम्प्युटरची पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि वडिलांनी तिला पट्टा लावला. दवाखान्यातून आम्ही थेट कॅफेत गेलो. चालकाने पेटी उघडली, धूळ झटकली, जुनं कार्ड काढून वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पंख्याचं पातं बोटानं फिरवलं.

"चालतंय की अजून," ते म्हणाले.

"चालतंय, मामा. पण पळत न्हाई."

नवं, म्हणजे वापरलेलं, कार्ड बसलं. मेमरी आहे तीच ठेवली. घरी आल्यावर मी चित्राची बारकाई वाढवली. सिग्नल आता लांबून दिसतो. पहिल्या संध्याकाळी मी असिस्टंटच्या खुर्चीत बसलो आणि कॉल द्यायला तोंड उघडलं, तोवर वडील "डबल यलो" म्हणाले होते. पुढचा सिग्नल मी आधी सांगितला. त्यांनी लगेच परत म्हटला नाही, आधी स्वतः पडद्यावर बघितला, मग म्हटला.

ते आता रोज संध्याकाळी खेळतात. कधी मी असतो, कधी नसतो. सिग्नल रुळांच्या डाव्या बाजूला असतात. ते बघायला त्यांना मान थोडी डावीकडे वळवावी लागते. डाव्या डोळ्यात दोन वेळा थेंब चालू आहेत. मागच्या तपासणीत त्या डोळ्यातला दाब थोडा कमी आला, पुरेसा नाही. त्यातल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी अजून दिलेली नाही.